दोनशे अडुसष्ट सह्या

अक्कलकोट रोडवरच्या मैंदर्गीकर टेरी टेक्स्टाइल्सचा शेअर विभाग म्हणजे दहा बाय बाराची एक खोली, दोन लोखंडी कपाटं आणि भीमाशंकर आळगी. कंपनीच्या शेअरचा भाव मुंबईच्या बाजारात रोज खाली-वर होई. पण ज्यांच्या घरी अजून कागदी सर्टिफिकेटं ट्रंकेत होती, त्या गावोगावच्या भागधारकांना कंपनी म्हणजे भीमाशंकरच वाटे. थोरले मालक शंकरप्पा यांनी कंपनी काढली तेव्हा जीपमधून गावं पालथी घालून दहा-दहा रुपयांचे शेअर विकले होते. ज्वारीचे व्यापारी, शाळामास्तर, किराणा दुकानदार यांनी ते शंकरप्पांच्या तोंडाकडे बघून घेतले. शंकरप्पा गेले, त्यांचा मुलगा नंदीश व्यवस्थापकीय संचालक झाला, आणि ते तोंड दाखवायचं काम आपोआप भीमाशंकरकडे आलं.

वर्षातून एकदा, सर्वसाधारण सभेच्या आधी, तो एसटीने गावोगाव फिरे. सभेला कामधंदा सोडून कोण येणार? म्हणून तो प्रॉक्सीचे फॉर्म घेऊन जाई. 'माझ्या वतीने अमुक माणूस मत देईल' असा तो कागद. त्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट चिकटवायचं, तिकिटावर सही घ्यायची, दोन टॉवेल आणि शेंगाचटणीचं पाकीट द्यायचं, पुढच्या घरी जायचं. 'अमुक माणूस' कोण आणि मत कोणत्या बाजूने, हे रकाने कोरेच असत. ते भीमाशंकर ऑफिसात येऊन भरे. एकतीस वर्षं असंच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं, कारण सभेत वादाचा विषयच कधी नसे.

गेल्या वर्षी मात्र त्याने एक गोष्ट केली. गुडघा धरला होता. शिवाय पुढच्या साली आपण निवृत्तीच्या तोंडावर असू, नव्या माणसाला ही घरं सापडायची नाहीत, असा नीटनेटका विचार करून त्याने प्रत्येक घरी दोन-दोन फॉर्मवर सह्या घेतल्या. एक त्या सालचा, एक पुढचा. पुढच्याची तारीख कोरी, सभेचं नाव कोरं. असे दोनशे अडुसष्ट फॉर्म त्याने फोलिओ म्हणजे भागधारकाच्या खाते नंबरप्रमाणे लावून कपाटात ठेवले आणि काम आगाऊ झाल्याच्या समाधानात कुलूप लावलं.

जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उठून महिना झाला असेल, तेव्हा मुंबईहून ते पत्र आलं.

ध्रुवांक नावाच्या एका फंडाने गेल्या वर्षभरात गुपचूप कंपनीचे सोळा टक्के शेअर गोळा केले होते. हे लोक श्रीमंतांचा पैसा घेऊन सुस्त पडलेल्या कंपन्या हेरतात, त्यांचे शेअर घेतात, आणि मग मालकाच्या दारात उभे राहून कारभार बदलायला लावतात. पत्रात त्यांनी खास सभेची मागणी केली होती. विषय दोन. नंदीश मैंदर्गीकर यांना संचालकपदावरून काढावं. फंडाची दोन माणसं संचालक मंडळावर घ्यावीत. कारणं खाली दिली होती: सहा वर्षांत लाभांश नाही, कंपनीचं गोदाम मालकांच्या मेहुण्याकडून दुप्पट भाड्याने घेतलेलं, अक्कलकोट रोडची निम्मी जमीन पडीक, ती विकून पैसा भागधारकांना द्यावा.

भीमाशंकरने पत्र दोनदा वाचलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे त्याला सगळ्यात जास्त खुपलं.

सभेची तारीख ठरून भागधारकांना नोटिसा गेल्या, तेव्हा नंदीशनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. ते पन्नाशीचे, वडिलांसारखेच उंच, पण वडिलांसारखं मोठ्याने हसणं त्यांना जमत नसे.

"आळगी, आकडे बघितले?"

"बघितले साहेब. आपल्या घराण्याकडे एकोणचाळीस टक्के. ते आणि त्यांच्याबरोबर जाणारे मुंबईचे मोठे लोक धरून एक्केचाळीस."

"दोन टक्क्यांनी मी बाहेर." नंदीश थांबले. "तुमच्या कपाटात किती आहे?"

कपाटाची गोष्ट त्यांना ठाऊक होती. गेल्या वर्षी भीमाशंकरनेच कौतुकाने सांगितली होती.

"सहा टक्के," तो म्हणाला.

नंदीशनी खुर्चीला पाठ टेकली. त्या दिवसात ते पहिल्यांदाच नीट बसले असावेत. "नावं भरून टाका. एका माणसाला पन्नासाच्या वर फॉर्म चालत नाहीत ना? मग सहा माणसं घ्या. लूम शेडमधला शिवू घ्या, तो भरवशाचा आहे. आणि हो, तुमच्या निवृत्तीचं मी बघतो. दोन वर्षांची मुदतवाढ देऊ. तुमच्याशिवाय हा विभाग चालायचा नाही."

भीमाशंकर 'होय साहेब' म्हणाला. जिना उतरताना त्याच्या मनात एवढंच होतं की फॉर्म भरायला काळ्या शाईचं पेन घ्यावं, म्हणजे सह्यांच्या शाईशी जुळेल. आणि ते मनात आल्याचं ध्यानात येताच तो जिन्यातच उभा राहिला.

दोन दिवसांनी फंडाचा माणूस आला. भागधारकाला सभासदांचं रजिस्टर बघण्याचा कायद्याने हक्क असतो, त्याला नाही म्हणता येत नाही. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, पाठीला लॅपटॉपची पिशवी. नाव इंद्रजीत. भीमाशंकरला वाटलं, हा आता फाडफाड इंग्रजी सुरू करणार.

"मी केम गावचा हाय, सर," तो पायातले बूट दाराबाहेर काढत म्हणाला. "स्टेशनच्या अलीकडं घर."

"केमचा आणि मुंबईच्या फंडात?"

"सीए झालो की. पोटापाण्याला कुटं बी जावं लागतंय."

चहा आला. इंद्रजीत रजिस्टरची पानं उलटत होता, मध्येच काही टिपून घेत होता. भीमाशंकर समोर बसून पत्रांवर शिक्के मारत होता, जरी त्या पत्रांना शिक्क्याची गरज नव्हती.

"सर, आमची चुलती हाय, गोजरबाई. वळखता का?"

"फोलिओ अकराशे सात. शंभर शेअर."

इंद्रजीत हसला. "लई नाव काढती तुमचं. आळगी साहेब आला की चुलीवर भाकरी टाकायची म्हनती. गेल्या साली दोन सह्या घेतल्या म्हनं तुमी. म्या विचारलं, दोन कशाला? तर म्हनली, एक पुढच्या सालाची."

भीमाशंकरने चहाचा घोट घेतला.

"मी तक्रार कराया आलो न्हाय, सर. करायची असती तर मुंबईतनं एक मेल टाकला असता, झालं असतं."

"मग कशाला आलात?"

"बघाया. तुमी काय करताय ते."

तो पुन्हा रजिस्टरात बघू लागला. संध्याकाळी निघताना त्याने वाकून नमस्कार केला, अगदी गावाकडच्यासारखा. त्या नमस्काराने भीमाशंकरचं अंग जास्तच आखडलं.

घरी त्याने बायकोला, दानेश्वरीला, सगळं सांगितलं. ती कडधान्य निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गुडघा तुमचा दुखत होता आणि सही त्यांची घेतलीत. आता मुदतवाढ पण तुम्हालाच?"

"तू कुणाच्या बाजूची?"

"मला काय बाजू? माझे कुठे शेअर आहेत?"

सकाळी तो नंदीशकडे गेला आणि इंद्रजीत काय म्हणाला ते सांगितलं.

"त्या बाईचा फॉर्म काढून टाका," नंदीश म्हणाले. "बाकीचे आत घाला."

"बाकीच्यांनी विचारलं तर?"

"एकतीस वर्षांत कुणी विचारलं?"

"या वेळी विषय वेगळा आहे साहेब. त्यांनी सह्या केल्या तेव्हा हा फंड कुणाला ठाऊकही नव्हता. मला आठ दिवस द्या. मी परत जाऊन विचारतो, नवे फॉर्म आणतो."

"आणि ते विरोधात गेले तर?"

नंदीशनीच टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. "जा," ते शेवटी म्हणाले. "पण जुने कपाटात राहू देत. सभा सोमवारी अकराला. फॉर्म अठ्ठेचाळीस तास आधी लागतात, म्हणजे शनिवारी अकरापर्यंत. शनिवारी मी तुमच्याकडून सगळं घेणार आहे, नवं-जुनं मिळून."

भीमाशंकर खोलीत आला. त्याने कपाट उघडलं, दोनशे अडुसष्टच्या दोनशे अडुसष्ट फॉर्म पिशवीत भरले आणि रिकाम्या कपाटाला कुलूप लावून बाहेर पडला. साहेबांचा शब्द त्याने आजवर मोडला नव्हता. एसटीत बसल्यावर पिशवी त्याने मांडीवरच ठेवली.

पहिलं गाव वळसंग. चंद्रव्वाचा नवरा ज्वारीचा अडत्या होता, त्याच्यामागे बाराशे शेअर तिच्या नावावर आले होते. ती ओसरीत बसली होती.

"बारप्पा भीमण्णा, कूडु," तिने कानडीत बसायला सांगितलं आणि लगेच मराठीवर आली. "ह्या दिवसात कसा आला? टॉवेल तर दिवाळीच्या आधी देतोस."

त्याने तिचा जुना फॉर्म काढला, तिची सही तिला दाखवली आणि फाडला. मग सगळं समजावून सांगितलं. कंपनीने पाठवलेली तीस पानी इंग्रजी नोटीस तिच्या फळीवर होती, तिच्यावर मिठाची बरणी ठेवलेली.

"म्हंजे मुंबईवाले नंदीशला काढणार?"

"मतं जास्त पडली तर."

"आनि जमीन विकून पैसा देणार?"

"तसं म्हणतात."

"तू काय म्हंतो?"

"मी कंपनीचा नोकर आहे चंद्रव्वा. मी सांगायचं नसतं."

"आता सांगायचं नसतं! इतकी वर्सं तूच लिवत होता की." ती मोकळेपणाने हसली, पण डोळे हसले नाहीत. "शंकरप्पा होता तवा दरसाल मनीऑर्डर यायची. सहा वर्सं झाली, नुसते टॉवेल. मी एकटी किती अंग पुसू?" तिने सही केली. "लिव. मुंबईवाल्याच्या बाजूनं लिव."

भीमाशंकरने रकान्यात खूण केली. या कंपनीच्या कागदावर मालकांच्या विरोधात त्याने केलेली ती पहिली खूण. पेन नेहमीसारखंच चाललं. प्रतिनिधीच्या रकान्यापाशी मात्र तो अडला. मालकाविरुद्ध मत पेटीत टाकायला कंपनीतलं कोण तयार होणार? बराच विचार करून त्याने तिथे स्वतःचं नाव लिहिलं.

काढणीचे दिवस. निम्मी घरं बंद, माणसं रानात. तो बांधावरून चालत जाई, पिशवी खांद्याला, गुडघा हाताने दाबत. कुणी ताटातली भाकरी मोडून त्याला देई, कुणी ऐकून न घेताच सही करून हात झटके. तेव्हा तो पुन्हा सुरुवातीपासून सांगे. रोज दुपारी नंदीशचा फोन येई. "किती झाले?" तो आकडा सांगे. तिसऱ्या दिवशी फोनवर वेगळाच प्रश्न आला.

"आळगी, कपाट रिकामं आहे."

"होय साहेब."

"चावी तुमच्याकडेच होती. मी दुसरी करून घेतली." पलीकडे श्वास ऐकू येत होता. "शनिवारी भेटू."

त्या दिवशी तो मंगळवेढ्यात होता. तिथले आप्पा चौकात भांड्यांचं दुकान चालवीत, शंकरप्पांचे जुने स्नेही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"तू हे इचाराया आलाच कशाला?"

"आप्पा, तुमचं मत—"

"माजं मत तुला दिलं हुतं की! तीस वर्सं दिलं. कदी इचारलं का, काय लिवलंस? आता येऊन म्हंतोस, आप्पा तुमीच ठरवा. म्हंजे आमचा इश्वास तुला जड झाला व्हय?"

"जड झाला," भीमाशंकर म्हणाला.

आप्पांनी जुना फॉर्म त्याच्या हातून घेतला, स्वतःच फाडला, आणि नव्यावर सही केलीच नाही. गिऱ्हाईक आलं तसे ते उठले आणि परातीचा भाव सांगू लागले.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एक्क्याण्णव घरं झाली. बावन्न जण नंदीशच्या बाजूने. सत्तावीस विरोधात. बारा जणांनी सही दिली नाही. उरलेल्या एकशे सत्त्याहत्तर माणसांपर्यंत तो पोचू शकला नाही, आणि त्यांच्या सह्या पिशवीत तशाच होत्या. गणित त्याला तोंडपाठ होतं. जुने घातले तर नंदीश आरामात राहतील. न घातले तर बहुधा जातील.

शनिवारी तो नऊ वाजताच ऑफिसात आला. आवक रजिस्टर उघडून एकोणऐंशी नवे फॉर्म एकेक करून चढवले. नंबर, फोलिओ, तारीख, वेळ. मग त्याने टेबलाच्या खणातून 'रद्द' असा रबरी शिक्का काढला. जुनी सर्टिफिकेटं बाद करायला तो वापरत असे. पहिला फॉर्म पुढे घेतला आणि तिकिटावरच्या सहीवर शिक्का उमटवला.

सवा दहा झाले. त्याने घाई केली नाही, कारण शिक्का पुसट उमटला तर पुन्हा मारावा लागतो. साठ फॉर्म उरले असताना दार उघडलं. नंदीश आत आले. मागे वकील, आणि त्यांच्यामागे शिवू. शिवू बावीस वर्षं लूमवर होता. आज त्याने धुतलेला शर्ट घातला होता.

नंदीशनी टेबलावरचा गठ्ठा पाहिला. सगळ्यात वरच्या सहीवरचा निळा शिक्का अजून ओला होता. त्यांनी हात पुढे करून उरलेल्या साठांवर ठेवला.

"बस," ते म्हणाले.

घड्याळात दहा-चाळीस झाले होते.

"साठाने भागेल का?" वकिलाने विचारलं.

"बघू," नंदीश म्हणाले. "आळगी, हे आवक रजिस्टरला चढवा."

"नाही साहेब."

"काय?"

"ही नोंद मी करणार नाही. हे फॉर्म मागच्या वर्षीचे आहेत. आवक नोंद नसलेला फॉर्म मतं मोजणारा तपासनीस घेत नाही, हे वकीलसाहेबांना माहीत आहे."

"रजिस्टर इकडे द्या, मी लिहितो."

भीमाशंकरने रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं. पेनही ठेवलं. "लिहा साहेब. एकतीस वर्षं या रजिस्टरात माझंच अक्षर आहे. तपासनीस पहिलं तेच बघेल."

नंदीशनी पेन उचललं. बाहेर मालाचा ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याचा टूं-टूं आवाज येत राहिला. नंदीशचं पेन कागदावर टेकलं, आणि तिथेच राहिलं.

"ही माझ्या बाबांची माणसं आहेत," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "ती मलाच देतील मत. तुम्हाला माहीत आहे."

"बावन्न जणांनी दिलं, साहेब. ज्यांना विचारलं त्यांतल्या बावन्न जणांनी."

"आणि सत्तावीस?"

"ती पण त्यांचीच माणसं आहेत."

शिवू एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. वकिलाने घड्याळ पाहिलं, मग भिंतीकडे. दहा-त्रेपन्नला नंदीशनी पेन खाली ठेवलं आणि निघून गेले. अकरा वाजता भीमाशंकरने शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ मारली आणि मगच उरलेले साठ पुढे घेतले.

सोमवारी सभा झाली. हॉलमध्ये दीडशे-दोनशे माणसं असतील. फंडाची माणसं पुढच्या रांगेत, इंद्रजीत कडेला. मतपत्रिका आल्या. भीमाशंकर नंदीशच्या समोरून पेटीपर्यंत गेला आणि सत्तावीस चिठ्ठ्या एकेक करून आत टाकल्या. एवढ्या चिठ्ठ्या टाकायला वेळ लागतो. सगळे बघत होते.

निकाल दुपारी तीनला जाहीर झाला. ठराव मंजूर. फरक एका टक्क्याहून थोडा जास्त. कपाटातल्या एकशे सत्त्याहत्तर फॉर्मांचं वजन चार टक्के होतं, हे त्या हॉलमध्ये सात-आठ जणांना ठाऊक होतं, आणि ते सगळे भीमाशंकरच्या दिशेने वळले.

नंदीश व्यासपीठावरून उतरले. भीमाशंकरपाशी क्षणभर थांबले. "उद्यापासून तुम्हाला मुदतवाढ कोण देणार, आळगी?" एवढंच म्हणाले, आणि गेले. इंद्रजीत पुढे यायला निघाला होता. पण भीमाशंकरच्या चेहऱ्याकडे बघून तो थांबला आणि परत आपल्या माणसांत गेला.

हॉल रिकामा होत होता. भीमाशंकर मतपत्रिकांची उरलेली पुस्तकं गोळा करत होता, तेवढ्यात शिवू जवळ आला. त्याने बावन्नांपैकी सव्वीस चिठ्ठ्या टाकल्या होत्या.

"साहेब, आता जमीन विकणार का?"

"ठरलं नाही."

"लूम कुटं नेणार?"

"माहीत नाही शिवू."

"तुमच्याकडं तेवढे कागद हुते की."

"होते."

शिवूने मान हलवली, पण गेला नाही. शेवटच्या खुर्च्या उचलायला माणसं आली तरी तो तसाच उभा होता. भीमाशंकरला निघता आलं असतं. त्याने हातातली पुस्तकं टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बस. शेडमधल्या बाकीच्यांना पण बोलव. काय झालं ते मी सांगतो. शिव्या द्यायच्या असतील तर तोंडावर द्या."

शिवू दाराकडे गेला आणि त्याने बाहेर उभ्या असलेल्या लोकांना हाक मारली.